परातीतली लंका

लक्ष्मी रस्ता कसा ओलांडायचा हे मला ज्या माणसाने शिकवलं, त्यानेच पुढे समुद्रही शिकवला. पद्धत दोन्हीकडे एकच. कडेला उभं राहायचं आणि मोजायचं.

"घाई नको. सहा-सात लहान जाऊ द्या," ते म्हणायचे. लहान म्हणजे सायकली आणि स्कूटर. "आता मोठ्या येतील. तीन." खरोखरच दोन रिक्षा आणि एक टेम्पो यायचा. "झालं. चला." आणि रस्ता आपल्यासाठीच रिकामा केलाय अशा थाटात ते सावकाश चालू लागायचे. अंगात पांढरा सदरा, इस्त्रीची पँट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. पावसाळ्यात गमबूट कोणीही घालेल, हे एप्रिलमध्ये घालायचे. एकदा तीन मोठ्या मोजून झाल्यावर चौथी आली, भलीथोरली बस. आम्ही दोघं उडी मारून मागे झालो. यांनी खिशातून वही काढली, वेळ टिपली आणि पुढे लिहिलं, "चौथी. का?"

मी तेव्हा नारायण पेठेत एका सहल कंपनीत नोकरी करत होते. कंपनी म्हणजे एक खोली, तीन टेबलं, भिंतीवर लंकेचं मोठं चित्र आणि आम्ही तीन माणसं. मालक मूळचे लोणी काळभोरचे. लंकेतलं युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती, मालक तिकडे एकदा जाऊन आले होते आणि तिथल्या शहाळ्यांवर इतके खूश झाले होते की सगळ्या पुण्याला लंका दाखवायचा त्यांनी पण केला. मनाने दिलदार, आवाजाने त्याहून दिलदार. दुसरी मी. टायपिंग, फोन आणि चहा माझ्याकडे. तिसरे हे. वय पासष्टीच्या आसपास. समोर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे दर्यासारंग.

दर्यासारंगांची उभी हयात पाण्यात गेली होती, फक्त ते पाणी घोट्याइतकं होतं. शहराबाहेर पाण्याची एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथे मोठमोठ्या शेडमध्ये बंदरं शंभरपट लहान करून बांधतात, यंत्राने लाटा सोडतात आणि धक्का टिकतो की वाहून जातो ते बघतात. तिथे हे तीस वर्षं निरीक्षक होते. गमबूट घालून, हातात स्टॉपवॉच घेऊन लाटा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, हे काम. खरा समुद्र त्यांनी पुष्कळदा पाहिला होता, पण तो त्यांना फारसा पटलेला नव्हता. "जरा अघळपघळ आहे," ते म्हणायचे. "आमच्याकडे तोच प्रकार आटोपशीर होता."

निवृत्त झाले तरी शंभरास एक हे प्रमाण डोक्यातून गेलं नाही. एखादं गिऱ्हाईक स्वतःची फार मोठी कहाणी सांगून गेलं की म्हणायचे, "भागिले शंभर करा. काही उरतं का बघा." चहा आला की कपावर फुंकर घालून तरंग पलीकडे कधी पोचतो ते बघत बसायचे, तोवर चहा गार. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे मंगलाष्टकं मोजत होते, आणि शेवटी गुरुजींना म्हणाले, "एक कमी झालं." मी विचारलं, "खरंच कमी होतं?"

"हो ना," काकू म्हणाल्या. "तेच तर दुःख आहे. यांचं चुकत नाही."

मालकांनी त्यांना ठेवलं होतं ते प्रवाशांसाठी सूचनांचं पत्रक लिहायला. मालकांच्या डोक्यात होतं, सोनेरी वाळू, निळंशार पाणी, असं काहीतरी. हातात आलं ते असं:

"लंका हे दोन दारांचे घर आहे. दिवाळी ते रामनवमी नैऋत्येचे दार उघडे. मे ते सप्टेंबर पूर्वेचे. बंद दारावर जाऊन बेल वाजवू नये."

"पाण्यात उतरण्यापूर्वी वीस मिनिटे वाळूत बसून लाटा पाहाव्यात. ज्यांना वीस मिनिटे गप्प बसता येत नाही त्यांनी खोलीतच बोलत बसावे."

"पाण्याखाली प्रवाळाचे खडक असतात. पाय कापल्यास कंपनी हळहळेल. याहून अधिक काही करणार नाही."

"स्थानिक कोळ्याला विचारावे. तो हसला तर परत फिरावे."

लोकांना हे पत्रक का कोण जाणे आवडायचं. पेठांतल्या माणसाला कोणी गोड बोललं की संशय येतो आणि तोडून बोललं की खात्री पटते. मालकांना मात्र दर वेळी ते वाचून ठसका लागायचा.

एकदा हिंजवडीहून चार मुलं आली. त्यांना सर्फिंग करायचं होतं. "काका, वेव्हज बिगिनर्ससाठी ओके आहेत ना? म्हणजे आम्ही फिट आहोत, जिम वगैरे करतो."

"आपल्याला उभं राहता येतं का?" काकांनी विचारलं.

"हो. म्हणजे काय?"

"स्वारगेटपासून डेक्कनपर्यंत सिटी बसमध्ये, दांडा न धरता?"

मुलं हसली आणि गेली. मालकांनी कपाळावर हात मारला. पण पुढच्या शनिवारी तीच मुलं धापा टाकत आली. "काका, डन! फक्त लकडी पुलाच्या टर्नला एक जण एका आजोबांच्या मांडीवर पडला." काकांनी विचारलं, पडताना गुडघे वाकले होते का. वाकले होते. "मग हरकत नाही," ते म्हणाले आणि फेब्रुवारीची सहल लिहून दिली. ती मुलं परत आली तेव्हा चौघंही नाकाचे शेंडे सोलवटून आली होती आणि काकांना मिठी मारायला बघत होती. काका टेबलामागे सरकले. "पुरे. किती सेकंदांच्या लाटा होत्या ते सांगा."

हा प्रश्न ते परत आलेल्या प्रत्येकाला विचारायचे. उत्तर कोणालाच यायचं नाही. लोक हॉटेलातल्या नाश्त्याबद्दल सांगायचे.

त्यांच्या वहीत रकाने आखलेले असत. ठिकाण, महिना, लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, आणि शेवटचा रकाना निरीक्षक. प्रयोगशाळेत होता तसाच. त्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच सही होती, त्यांची. पर्वती पायथ्याच्या कालव्यापासून शेजाऱ्यांच्या गच्चीवर भरून वाहणाऱ्या टाकीपर्यंत त्यांनी बरंच पाणी मोजलं होतं. लंकेची पानं मात्र कोरी होती. मालक त्यांना कधी पाठवत नसत आणि ते मागत नसत.

आता मे महिन्याची गोष्ट. पुण्यातला माणूस मेमध्ये सहलीला जातो. मुलांना सुटी असते म्हणून जातो, आणि मुलं मोठी होऊन अमेरिकेला गेली तरी सवयीने मेमध्येच जातो. मालकांनी बावीस जणांचा गट जमवला आणि नैऋत्य किनाऱ्यावरचं एक झकास हॉटेल ठरवलं. हॉटेलवाला ऐन सुटीत इतक्या प्रेमाने समुद्रासमोरच्या खोल्या का देतोय, असा प्रश्न मालकांना पडला नाही. काकांना पडला.

"मालक, मेमध्ये ते दार बंद असतं. पूर्वेला न्या."

"पूर्वेला दिवसभर बसमध्ये बसावं लागतंय काका. आणि लोक समुद्र बघायला चाललेत. गॅलरीतनं दिसतो की."

"आपल्या जाहिरातीतला माणूस सर्फिंगच्या फळीवर उभा आहे. गॅलरीत नाही."

मालक चिडले. "अहो, मला काय पाणी माहीत नाही का? सहाव्या वर्षापासून विहिरीत उड्या मारतोय मी. पाणी ते पाणी."

"विहिरीचं पाणी आपल्याला कुठं नेत नाही, मालक," काका म्हणाले आणि पत्रकात चार ओळी वाढवून माझ्याकडे टाइप करायला दिल्या.

त्या ओळी मला आजही पाठ आहेत. "मे महिन्यात या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जिथे पाणी सपाट, शांत दिसते तीच ओढीची जागा. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे पोहू नये. आडवे व्हावे, हात वर करावा, ओढ सोडेल तिथून बाजूने परत यावे."

काका घरी गेल्यावर मालक माझ्या टेबलाशी आले. "ताई, ह्या चार ओळी काढून टाका. लोक बिथरतील."

मी म्हटलं, "पण काका—"

"काकांना मी सांगतो."

मला नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. मी ओळी काढल्या. वरचा मजकूर खाली ओढला, खालचा वर घेतला, बावीस प्रती काढल्या. मालकांनी काकांना काही सांगितलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी गठ्ठ्यावरची एक प्रत उचलली, शेवटपर्यंत वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "टायपिंग छान झालंय." दिवसभर मला घास गोड लागला नाही.

त्यानंतरच्या सकाळी ते आलेच नाहीत. अकराच्या सुमारास फोन वाजला. शनिवार पेठेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या गटातल्याच. "तुमच्याकडचे एक गृहस्थ आलेत, गमबूट घालून. आमची परात मागतायत. द्यायची का?"

मालक उडालेच. "जा ताई, धरून आणा त्यांना!"

मी पोचले तेव्हा बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर परात होती, परातीत पाणी होतं आणि पाण्यात मळलेल्या कणकेचा लांबट बांध घातलेला होता, मधे दोन बोटं जागा सोडून. काका एका बाजूने पोळपाटाच्या कडेने लाटा ढकलत होते. लाट बांधावरून पलीकडे जायची आणि ते पाणी मधल्या फटीतून जोरात परत यायचं. त्यांनी चिमूटभर हळद टाकली. फटीतून पिवळी रेघ सुर्रकन बाहेर गेली.

"ही ओढ," काका म्हणाले. "इथं लाट फुटत नाही, म्हणून आपल्याला वाटतं ही जागा बरी. आता चुरमुरे द्या."

बाईंनी मूठभर चुरमुरे दिले. काकांनी दोन पाण्यात सोडले. "हे आपण. हे आपले यजमान."

"यजमान जरा बसके आहेत," बाई म्हणाल्या. काकांनी चुरमुरा बदलून दिला.

चुरमुरे फटीतून वाहून बांधापलीकडे गेले, तिथे जरा घुटमळले, आणि बाजूने, पुढच्या लाटेबरोबर, आपसूक परातीच्या काठाला येऊन लागले. बाई वाकून बघत होत्या. "बुडाले कसे नाहीत?"

"चुरमुऱ्याला पोहता येत नाही, हीच त्याची अक्कल. सरळ घरी यायचा हट्ट धरत नाही. बुडतो तो पोहणारा."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्याला मला न्यायला पाठवलंय ना? पाच घरं झाली, आठ राहिली. झाली की येतो." मी तिथेच सांगायला हवं होतं, काका, ओळी मी काढल्या. बाई समोर होत्या, कणीक फुकट गेली म्हणून त्यांच्या सूनबाई दारात उभ्या होत्या, आणि मी भित्री. परत आले आणि मालकांना सांगितलं, इतक्यात येत नाहीत म्हणाले.

त्या दिवशी तेरा घरांतल्या तेरा परातींत काकांनी लंका केली. एकानेही सहल रद्द केली नाही. बाई फोनवर म्हणाल्या, "रद्द कशाला? आता तर बघायलाच हवं." तरी मालकांचा राग उतरला नाही. आपल्या गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरात आपलाच माणूस आपल्याविरुद्ध हळद टाकून आला, हे त्यांना फार लागलं होतं. "काका, उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

काकांनी वाद घातला नाही. खण रिकामा केला, वही घेतली आणि जाता जाता स्टॉपवॉच माझ्या टेबलावर ठेवलं. "गटाबरोबर आपण जाणार आहात ना? असू द्या. मला आता घरी काय मोजायचंय?" जिन्यावर गमबुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

लंकेत तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळूत लाल झेंडा लावला होता आणि समुद्र चिखलाच्या रंगाचा. आमचे बावीस जण ओळीने वाळूत बसले, पाठी ताठ, वर्गात बसल्यासारखे, आणि वीस मिनिटं गप्प. मग चर्चा सुरू झाली. बाई बोट दाखवून म्हणाल्या, "ती बघा. दोन्हीकडे फुटतंय आणि मधे सपाट. तीच फट." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाण्याजवळ कोणी जाईना.

तेवढ्यात मालक नाश्ता करून आले. आपला अख्खा गट समुद्राकडे तोंड करून नुसता बसलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "अहो, याच्यासाठी आणलं का तुम्हाला? उतरा की!"

"आम्ही बघतोय," बाई म्हणाल्या.

"थांबा. मी दाखवतो." मालकांनी शर्ट काढला. मी म्हटलं, "मालक, नको." त्यांनी मला हातानेच गप्प केलं आणि दोन्हीकडच्या लाटा चुकवून बरोबर त्या सपाट जागेत शिरले.

पाणी कमरेला लागलं, त्यांनी मागे वळून हात हलवला. आणि मग ते लहान होऊ लागले. इतक्या पटकन माणूस लहान होतो हे मला माहीत नव्हतं. शंभरास एक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मालक वळले, विहिरीतले ते दणकट हात मारायला लागले, सरळ आमच्याकडे, आणि तसूभरही पुढे येईनात.

बाई उठून उभ्या राहिल्या. "चुरमुरा व्हा!" त्यांनी आवाज दिला. तीस वर्षं मैदानावर प्रार्थना घेतलेला आवाज तो. पाठोपाठ सगळा गट ओरडायला लागला, "चुरमुरा! अहो, चुरमुरा व्हा!" किनाऱ्यावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. मालकांनी परात कुठं पाहिली होती? त्यांना वाटलं असेल, उन्हाने गट वेडा झाला. ते आणखी जोरात हात मारू लागले. डोकं खाली जायला लागलं.

मी पाण्यापर्यंत धावले आणि ज्या चार ओळी मी काढून टाकल्या होत्या त्या मोठ्याने म्हणायला लागले. "मालक, किनाऱ्याकडे पोहू नका! आडवे व्हा! हात वर करा!" ऐकू जात नव्हतं. मग काय सुचलं कोण जाणे, मी किंचाळले, "मालक, इकडं पायऱ्या नाहीत! विहीर नाहीये ती! पायऱ्या नाहीत!"

ते थांबले. पाठीवर आडवे झाले. एक हात वर आला.

तो हात बघून दोन कोळी फळी घेऊन बाजूने पाण्यात शिरले होते. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुठीत स्टॉपवॉच होतं. मी कळ दाबली आणि लाटा मोजत राहिले, कारण न मोजता बघणं शक्यच नव्हतं.

जाहिरातीतला माणूस फळीवर उभा होता. आमचे मालक फळीवर पालथे आले, बरंच पलीकडे, डाव्या अंगाने, चुरमुरा आला होता तसेच. वाळूवर पाणी ओकून झाल्यावर त्यांनी मला पाहिलं. "ताई," ते म्हणाले, "पायऱ्याच न्हाईत की वो तिथं." आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. बाईंनी दोघांना दटावलं आणि मालकांच्या डोक्यावर स्वतःचा टॉवेल टाकला.

पुण्यात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मालक मला घेऊन शनिवार पेठेत काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. काका खुर्चीत बसले होते, पायात गमबूट नव्हते. त्यांचे पाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, पांढरेफटक, वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यासारखे सुरकुतलेले. मालकांनी वाकून त्या पायांवर डोकं ठेवलं. "काका, चुकलं माझं. पूर्वेचं दार, पश्चिमेचं दार, तुम्ही म्हणाल तसं. उद्यापासून या."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती सेकंद?"

"काय?"

"दोन लाटांच्या मधे."

"अहो, मरत होतो मी!"

"तरी," काका म्हणाले.

मालकांनी मान खाली घातली. काकांच्या चेहऱ्यावर नेहमीचीच निराशा आली, नाश्त्याबद्दल ऐकताना यायची ती.

"नऊ," मी म्हटलं. पर्समधून चिठ्ठी काढली. "दहा लाटांना नव्वद सेकंद. मग तीन मोठ्या. मग पुन्हा नऊ." त्याच दमात बाकीचंही बोलून टाकलं. "आणि काका, त्या चार ओळी मी काढल्या होत्या."

"मी सांगितलं होतं तिला," मालक घाईने म्हणाले.

"माहीत आहे," काका म्हणाले. "आपल्याला टाइप करता येत नाही."

त्यांनी वही मागवली. लंकेचं कोरं पान उघडून ठिकाण लिहिलं, महिना लिहिला, उंची विचारून घेतली, सेकंदांच्या रकान्यात नऊ लिहिले. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. एवढ्या दिवसांत ते मला 'अहो' सोडून दुसरं काही म्हणाले नव्हते.

"पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट."

मी सांगितलं. निरीक्षक या शब्दाखाली त्यांनी ते संथ, वळणदार अक्षरात लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही माझ्याकडे वळवली.

"सही करा," ते म्हणाले. "ही ओळ आता कोणाला काढता येणार नाही."